अक्का काय मोजत होत्या

आमच्या अक्का जप करत नव्हत्या, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

त्यांचा उजव्या हाताचा अंगठा सतत बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. भाजी निवडून झाल्यावर, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, पाहुण्या बायकांत मांडी घालून बसल्यावरसुद्धा. ओठ मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि अंगठा करंगळीपासून निघून सावकाश पुढं. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, आल्यागेल्याला अभिमानानं सांगायच्या, "आमची थोरली लई भाविक. कामातबी जप सुटत न्हाई तिचा." पाहुण्या कौतुकानं मान हलवायच्या. अक्कांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. मग पाणी न्यायला आत आल्या की माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "अव्वाला वाटतंय मी महादेवाला बोलावून ऱ्हायले. मी स्टँडवर जाऊन आले की!"

लातूरला आमची दाळमिल आहे. मिलच्या मागं घर. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, मी धाकटी सून, नांदेडची. बी.ए. झालेली, बोलकी, आणि लग्नानंतरचे पहिले महिने कोठीच्या खोलीत पोत्यांच्या आड बसून रडणारी. एका दुपारी अक्कांनी मला तिथं गाठलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "चालू दे तुझं. मला हरभऱ्याची दाळ काढायचीय नुसती." सुपात दाळ घेतली, पण गेल्या नाहीत. शेजारच्या पोत्यावर बसल्या.

"कशापायी गं?"

"काही नाही."

"काहीच न्हाई ना? मंग ते आभाळ हाय."

आभाळ हा त्यांचा शब्द. त्यांना ते लहानपणापासून यायचं. काही घडलेलं नसताना जीव दडपायचा, घास गोड लागायचा नाही, अंथरुणावरून उठायला नको वाटायचं. डॉक्टर झाले, अंगारे झाले. कारण काय म्हणून विचारलं तर म्हणत, "कारण असतं तर काय पाहिजे होतं? कारणाला धरून चांगलं बडवलं असतं." कारण नव्हतं, म्हणून त्यांनी आपला उपाय आपणच काढला होता. जिवाला बरं वाटणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची यादी. लिहिलेली नाही, पेरांवर ठेवलेली. एका पेरावर एक गोष्ट. आभाळ आलं की पहिल्या पेरापासून सुरुवात करायची आणि कुठल्या पेरापाशी आत थोडं हलतं ते बघायचं. त्या दिवशी जमलं तर ती गोष्ट करायची. नाही जमलं तर नुसतं तिथं थांबायचं.

"तू बी कर," त्या म्हणाल्या. "सांग, पहिल्या पेरावर काय ठेवतीस?"

"नांदेडला जाणं."

"न्हाई चालत. त्याला अव्वाला विचारावं लागतंय, नवऱ्याला विचारावं लागतंय, कुणीतरी न्यायला यावं लागतंय. जे मागावं लागतंय ते पेरावर घ्यायचं न्हाई."

मी खूप विचार केला आणि म्हणाले, "सकाळी हौदात कोपरापर्यंत हात घालते मी. कुणी उठायच्या आत."

"हां," अक्का म्हणाल्या, "हे घे." आणि माझा अंगठा धरून माझ्याच करंगळीवर ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आनि हे बघ, कुणाला सांगायचं न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई. सांगितलं की ते घराचं होतंय."

‘घराचं होतंय’ याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर कळला, पण तेव्हा फार उशीर झाला होता आणि तो उशीर मीच केलेला होता. इथं एक सांगून ठेवते. अक्कांच्या पेरांवरच्या ज्या गोष्टी मी या लिखाणात सांगणार आहे त्या सगळ्यांनी एका दिवशी हॉलमध्ये ऐकलेल्या आहेत. त्यापलीकडच्याही काही मला माहीत होत्या. त्या माझ्याबरोबर जातील.

स्टँडची गोष्ट अशी. बुधवारी त्या बाजारात जायच्या आणि येताना वाकडी वाट करून एसटी स्टँडवर थोडा वेळ बसायच्या. त्यांचं माहेर जळकोटचं. जळकोटची गाडी लागायची, कंडक्टर ओरडायचा, बायका पोरांना खिडकीतून आत ढकलायच्या, कुणाची तरी कोंबडी सुटायची. गाडी भरून हलली की अक्का पिशवी उचलून घरी. माझा पहिला गर्भ राहिला नाही तेव्हा त्या मला तिथं घेऊन गेल्या होत्या. एक शब्द समजुतीचा बोलल्या नाहीत. गाडीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ती लाल लुगड्याची बघ, तीन वेळा उतरून चढली. काहीतरी इसरलीय." ती बाई चौथ्यांदा उतरली आणि मी हसले. त्यानंतर मी अक्कांना म्हटलं, "बसायचं का हो एकदा आपणच?" तर म्हणाल्या, "बसलं की मंग पोचावं लागतंय. तिथं भावजय दारातच इचारणार, किती दिवस हाव वन्सं? नुसती बघायलाच बरी हाय गाडी."

दुसरी जागा चुडीवाल्या खालांची. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढं बांगड्यांचं दुकान, आत एक बाज. अक्का बांगड्या भरायच्या निमित्तानं जायच्या, डोक्यावरचा पदर काढून त्या बाजेवर सरळ पाठ टेकायच्या. खाला काही विचारायच्या नाहीत. बशीत चहा ओतून उशाशी ठेवायच्या आणि आपल्या बांगड्यांचे तोडे लावत बसायच्या. "वो काचेचा आवाज ऐकत पडून ऱ्हायचं," अक्का सांगायच्या. खालांचं बोलता बोलता त्यांच्याही तोंडात यायचं. आमच्या घरात अक्कांना मी कधी दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. थोरली सून दिवसा आडवी होत नाही.

आणखी होत्या. मिलच्या अंगणात तूर वाळत घातलेली असते, मजूर जेवायला गेले की तिच्यात अनवाणी पाय खुपसून उभं राहायचं. वरची गरम, खालची गार. सगळे कुठं लग्नाला गेले की डोकं दुखतंय म्हणून मागं राहायचं, आणि तव्यावरची पहिली भाकरी उभ्याउभ्या खाऊन टाकायची, कुणाला वाढायचं नसताना. दुपारी लाईट गेली की मिल, टीव्ही, मिक्सर एकदम थांबतात, ते ऐकायचं. एखादी गोष्ट विटायचीही. रेडिओ त्यांनी असाच काढून टाकला. "सुखबी आंबतंय गं," म्हणाल्या. "आंबलं की टाकायचं. पेर मोकळं ठेवावं, कायतरी येतंय."

आता माझं.

अक्कांची साठी आली. त्यांच्या मुलानं, बसूनं, मोठा कार्यक्रम धरला. मंगल कार्यालय, जेवणावळ, उदगीरपासून सगळे पाहुणे. मी तोपर्यंत महिला मंडळात सूत्रसंचालन करणारी म्हणून नावारूपाला आले होते. मी बोलले की बायका डोळे पुसतात असा माझा लौकिक होता आणि तो मला फार आवडायचा. बसू म्हणाला, "काकू, आईवर तुम्हीच बोला. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतंय?" मी आठवडाभर आरशासमोर तयारी केली. काय बोलणार आहे हे अक्कांना विचारलं नाही. अगदी खरं सांगायचं तर, मुद्दाम विचारलं नाही.

वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावत आले की हे प्रेमापोटी झालं. प्रेम होतंच. पण त्याबरोबर दुसरंही होतं. घरात भाविक त्या, सोशिक त्या, आणि मी बडबडी. अक्कांनी आपलं आतलं कुणाला दाखवलं असेल तर ते मला, हे सगळ्या पाहुण्यांना कळावं असं मला वाटत होतं. त्या दिवशी वाढदिवस त्यांचा होता आणि मिरवले मी.

"तुम्हाला वाटतं आमच्या अक्का जप करतात," अशी मी सुरुवात केली. मग एकेक पेर. स्टँड. खालांची बाज. तूर. मी थांबायच्या जागी थांबत होते, आवाज उतरवायच्या जागी उतरवत होते. पहिल्या भाकरीपाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतून अव्वा मोठ्यानं म्हणाल्या, "म्हंजे डोकं दुखत नव्हतं तर हिचं!" सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि हसू ओसरू देऊन पुढचं वाक्य असं टाकलं की बायकांचे पदर डोळ्यांना लागले. टाळ्या किती वेळ चालल्या! अक्का स्टेजवर फुलांच्या खुर्चीत बसल्या होत्या. हसऱ्या चेहऱ्यानं. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी शेवटचं पेर सांगितलं, कारण ते सगळ्यात चांगलं जमलं होतं.

पुढं जे झालं ते कुणीही दुष्टपणानं केलं नाही. तसं झालं असतं तर अक्कांना निदान चिडता आलं असतं.

पुढच्याच बुधवारी बसू गाडी घेऊन दारात. "आई, स्टँडवर कशाला बसायचं? लोक काय म्हणतील, दाळमिलवाल्यांच्या घरची बाई! चल, जळकोटलाच जाऊन येऊ." नेलं, भावजयीबरोबर फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. थोरल्या दिरांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, अप्पांनी, मिलच्या मुनिमाला सांगून अंगणात चांगल्या तुरीचा एक कोपरा राखून ठेवला, शेजारी खुर्ची, वर छत्री. अक्का तिथं गेल्या की मजूर काम थांबवून बाजूला उभे राहायचे. भाकऱ्या सुरू झाल्या की पहिली त्यांच्या ताटात. सगळे भोवती बसून, "खावा अक्का, गरम गरम खावा." लाईट गेली की नातवंडं घरभर ओरडत सुटायची, "आज्जीची शांतता सुरू झाली!"

खालांना अप्पांनी घरी बोलावलं. "तिकडं गल्लीत कशाला जातीस, तिलाच येऊ दे की." खाला आल्या. व्हरांड्यात त्यांना चटई टाकली, चहा दिला, अक्का समोर खुर्चीवर पाठ ताठ करून बसल्या. दोघी बांगड्यांच्या भावाबद्दल बोलल्या. निघताना मी खालांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "क्या जी बाई, मेरेकू यां बुला लिए. अब वो कां जाएंगी?" मी नुसती फाटकाची कडी काढून दिली. बोलण्यात पटाईत म्हणवणारी मी. खाला परत आल्या नाहीत.

आणि अव्वा. त्यांना या सगळ्याचा घाव बसला होता. सबंध गावाला ज्या सुनेची भक्ती सांगितली तिचा तो जप नव्हताच. अक्कांचा अंगठा हलला रे हलला की त्या टोकायच्या, "काय गं, आज कुठं फिरून ऱ्हायलीस? स्टँडवर का चुडीवालीकडं?" अक्का हात पदराखाली घ्यायला लागल्या. मग एक दिवस अंगठा थांबला. केव्हा, ते सांगता येणार नाही. मी बघायचं टाळत होते.

त्या पावसाळ्यात आभाळ आलं ते गेलंच नाही. अक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. दिवसा, सगळ्यांसमोर. घरचे हवालदिल झाले. बसू मला म्हणाला, "काकू, आम्ही तिचं सगळं करतोय की हो! यादीतली एकेक गोष्ट. अजून काय असेल तर सांगा." मी आत जाऊन दार लोटून घेतलं आणि त्यांच्या पायाशी बसले.

"अक्का, चुकलं माझं."

त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू लई चांगलं बोललीस की. लोकं रडली."

"मी तसं बोलायला नको होतं."

"लोकं रडली, धाकटे. आनि मंग सगळी मदतीला आली." थोड्या वेळानं त्यांनी पाय आखडून घेतले. मला बसायला जागा व्हावी म्हणून की माझा हात लागत होता म्हणून, मला कळलं नाही. "मला तुझा राग न्हाई गं," त्या म्हणाल्या, "पर आता तू इथं बसू नको."

हे कुणाला मी आजवर सांगितलेलं नाही. घरात अजून सगळे समजतात की अक्कांवर सगळ्यात जास्त जीव माझा होता आणि त्यांचाही माझ्यावर. त्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी दरवर्षी ग्रुपवर टाकतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मी तो उघडत नाही. पण न उघडताही वर एक चौकोनी चित्र दिसतंच. त्यात माझं तोंड उघडं आहे आणि एक हात हवेत.

शोभा, अक्कांची मुलगी, किनवटकडं एका निवासी शाळेच्या वसतिगृहावर अधीक्षिका आहे. दिवाळीला आली, आईची दशा बघितली आणि हवापालट म्हणून आपल्याबरोबर घेऊन गेली. महिनाभरासाठी गेलेल्या अक्का परत आल्या नाहीत. बोलावलं की म्हणायच्या, "येते की उन्हाळ्यात." उन्हाळा आला की, "येते की पावसाळ्यात." थोरली सून घर सोडून लेकीकडं राहते म्हणून अव्वा कुरकुरल्या, पण आजारपणाच्या नावाखाली ते चालून गेलं.

मी एकदाच गेले. नांदेडला भाच्याचं लग्न होतं, तिथून आम्ही नवराबायको गाडी करून पुढं किनवटला गेलो. शाळा गावाबाहेर, मागं लगेच जंगल. मृगाचे एकदोन पाऊस होऊन गेलेले. आम्ही कळवून आलो नव्हतो. शोभा म्हणाली, "आई मागं असेल, बसा. ती कुठं जात नाही. दिवसभर मागच्या ओट्यावर बसून असते."

ओटा रिकामा होता. मी उभी राहिले तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून अक्का आत आल्या. वाकून, पदर कमरेला खोचलेला. मला बघून थबकल्या. मग पदर सोडला, डोक्यावर घेतला आणि अगदी घरच्यासारख्या म्हणाल्या, "आलीस का? कवा निघाला होता?"

"सकाळी. तुम्ही कशा आहात, अक्का?"

"मी बरी हाय."

"दिवसभर काय करता?"

"काय करणार? बसून असते."

हे म्हणताना त्यांची जीभ दिसली. गर्द जांभळी. ओठांच्या कडासुद्धा. हातावर बाभळीचे ओरखडे, पायांना घोट्यापर्यंत चिखल. पासष्टीची बाई, आणि तोंड कुणा पोरीसारखं रंगवून आलेली. मला इतकं विचारावंसं वाटलं. कुठं जाता, कुणाबरोबर जाता, झाड केवढं आहे, फांदी वाकवून देतं का कुणी. नुसतं, "मलाही न्या की," एवढं तरी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी नजर त्यांच्या तोंडावर आहे हे त्यांना कळलं. त्या घाबरल्या. मला. अक्का मला घाबरल्या.

मी म्हटलं, "तोंड धुऊन घ्या अक्का, मी चहा टाकते. शोभा आत हिशेब लिहीत बसलीय."

त्या हौदाकडं गेल्या. बराच वेळ चुळा भरत होत्या. मी स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवलं आणि त्या आत येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही. चहा पिताना आम्ही पावसाबद्दल बोललो, बसूच्या नव्या गोडाऊनबद्दल बोललो. निघताना वाकून नमस्कार केला तर त्यांनी पाठीवर हात ठेवला, थोडा जास्त वेळ. ते क्षमेचं होतं असं मी म्हणणार नाही. मला तसं म्हणायचा हक्क नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच. आता वर्ष होत आलं. त्यांच्या दिवसकार्याला मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नाही म्हणाले. सगळ्यांना वाटलं दुःखानं बोलवत नाही.

त्या दिवशी किनवटहून परत येताना गाडीत हे म्हणाले, "वहिनी तब्येतीनं बऱ्या वाटल्या. पण दिवसभर त्या जंगलात करतात काय? विचारून सांगतो म्हटलंय मी बसूला. त्यांच्या सोयीचं काही करता आलं तर करू म्हणतोय तो."

खिडकीतून जांभळाची झाडं मागं पडत होती.

"काही करत नाहीत," मी म्हणाले. "झोपून असतात."

"झोपूनच?"

"हाव. झोपूनच."

ते बरं म्हणाले आणि मोबाइल बघायला लागले. एवढंच होतं. इतकं सोपं होतं.